दुर्बिणीचे ऑपरेशन : बारीक नळीतून चित्र कसे पोचते?

'दुर्बिणीचे ऑपरेशन' हे शब्द मराठी घरांत सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. कुणाच्या तरी मावशीचे दुर्बिणीचे ऑपरेशन होते आणि ती दोन-तीन दिवसांत घरी येते. लहानपणी मला वाटायचे की डॉक्टर लांब उभे राहून, आपण फील्डक्राफ्टच्या तासाला वापरतो तशी दुर्बीण डोळ्याला लावून ऑपरेशन करत असतील. तसे नसते हे पुढे कळले. पण पोटाच्या ऑपरेशनला दुर्बीण का म्हणतात, हे मात्र मी कधी कुणाला विचारले नव्हते.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत विचारावे लागले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझ्या आजीच्या पित्ताशयात खडे झाले. तालुक्याच्या गावी एका हॉस्पिटलमध्ये दुर्बिणीचे ऑपरेशन ठरले. पोटाला तीन-चार छोटी छिद्रे, दोन दिवस मुक्काम, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले होते. ऑपरेशनच्या सकाळी ते बाहेर आले आणि म्हणाले, "नळी खराब निघाली. दुसरी नळी नाही. पित्ताशयाला सूज आहे, थांबण्यात अर्थ नाही. उघडून करावं लागेल." बाबा पोस्टिंगवर होते. काकांनी सही केली. आजीच्या उजव्या बरगडीखाली लांब काप घेऊन ऑपरेशन झाले.

ऑपरेशन नीट झाले, हे आधी सांगतो. पण आजी आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होती आणि पुढे दीड महिना तिला पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नव्हती. म्हशीच्या धारा शेजारच्या काकू काढायच्या. आजीला सगळ्यात जास्त दुखले ते हेच.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला ती नळी दाखवली. "शाळेत फिजिक्स शिकतोस ना? बघ यातून," म्हणाले. स्टीलची, हातभर लांब, करंगळीहून बारीक नळी. एका टोकाला डोळा लावून खिडकीकडे पाहिले. अर्धे वर्तुळ काळे आणि उरलेल्या भागात धुके. "आत काचेच्या कांड्या असतात. त्यातली एक तडकली आहे. धुताना, ठेवताना कुठेतरी आपटली असेल." मी विचारले, "दुसरी का ठेवत नाहीत?" ते म्हणाले, "महाग असते रे बाबा. एकावरच भागवतो आम्ही."

ही नळी एवढी नाजूक आणि महाग का असते आणि ती सोपी व स्वस्त करता येईल का, हा प्रश्न घेऊन मी शाळेत परत आलो. फिजिक्सच्या सरांनी प्रयोगशाळा उघडून दिली आणि दोन महिने रविवारचे तास दिले. त्यातून जे समजले ते इथे लिहितो. दहावीचा प्रकाशाचा धडा येत असेल तर पुढचे सगळे कळेल.

पोकळ नळी का चालत नाही?

वर्तमानपत्राची 30 सेंमी लांब आणि 1 सेंमी रुंद अशी गुंडाळी करा. तिच्यातून 3 मीटरवरच्या भिंतीकडे पाहा. फक्त 10 सेंमी व्यासाचे वर्तुळ दिसेल. गणित सोपे आहे. नळीची रुंदी तिच्या लांबीच्या तिसावा हिस्सा आहे, म्हणून 3 मीटरवर दिसणारा भाग 3 मीटरच्या तिसावा हिस्सा.

पोटातले अवयव नळीच्या टोकापासून काही सेंमीवरच असतात. पोकळ नळीतून तिथे जेमतेम एखाद्या नाण्याएवढा भाग दिसेल. अशा दृश्यावर कोणी सर्जन हत्यार चालवणार नाही.

म्हणून नळीच्या पुढच्या टोकाला एक छोटे बहिर्वक्र भिंग बसवतात. ते समोरचे रुंद दृश्य गोळा करते आणि लगेच मागे त्याची बारीक, उलटी प्रतिमा तयार करते. रुंद दृश्याचा प्रश्न सुटला. पण प्रतिमा पोटात, नळीच्या टोकाशी आहे आणि डॉक्टरांचा डोळा किंवा कॅमेरा 30 सेंमी मागे, बाहेर. तिला बाहेर कसे आणायचे?

प्रतिमांची रिले शर्यत

आपल्या धड्यात एक ओळ आहे, जी आपण परीक्षेपुरती पाठ करतो : वस्तू बहिर्वक्र भिंगापासून नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर ठेवली, तर तेवढीच मोठी, उलटी प्रतिमा पलीकडे दुप्पट अंतरावर मिळते. दुर्बिणीच्या ऑपरेशनचा पाया ही ओळ आहे.

टोकाच्या भिंगाने केलेली प्रतिमा हीच 'वस्तू' समजा. तिच्यापुढे एक भिंग ठेवले की तीच प्रतिमा पुढे सरकते. तिथून दुसरे भिंग तिला आणखी पुढे नेते. रिले शर्यतीत एक धावपटू दुसऱ्याच्या हातात बॅटन देतो, तसेच. म्हणून या भिंगांना रिले भिंगे म्हणतात. शेवटी डोळ्याजवळचे भिंग ती प्रतिमा मोठी करून दाखवते. पाणबुडीच्या पेरिस्कोपमध्येही असेच रिले असतात. म्हणजे आजीच्या पोटात जाणार होता तो एक अतिशय बारीक पेरिस्कोपच. आपले लोक त्याला दुर्बीण म्हणतात यात काही चूक नाही.

जर्मन डॉक्टर मॅक्स निट्झे यांनी 1877 मध्ये मूत्राशयाच्या आत पाहण्यासाठी भिंगे बसवलेली अशी नळी दाखवली. पुढची ऐंशी वर्षे भिंगे सुधारत गेली, पण तत्त्व तेच राहिले : लांब नळी, तिच्यात ठरावीक अंतरावर पातळ भिंगे आणि मध्ये हवा.

आमचे मॉडेल

मी आणि माझ्या डॉर्मिटरीतल्या दोघांनी पीव्हीसी पाइप उभा चिरून त्यात प्रयोगशाळेतली भिंगे बसवली. पुढे 5 सेंमी नाभीय अंतराचे भिंग. मग 10 सेंमीची रिले भिंगे, प्रत्येकाच्या अलीकडे 20 आणि पलीकडे 20 सेंमी. शेवटी डोळ्यासाठी पुन्हा 5 सेंमीचे भिंग.

पहिली चूक : आम्ही दोन रिले ठेवले. परेड ग्राउंडवरचे उस्ताद खाली डोके वर पाय दिसले. टोकाचे भिंग एकदा उलटवते आणि प्रत्येक रिले एकेकदा. एकूण तीन वेळा उलटले की चित्र उलटेच. म्हणून रिलेची संख्या विषम हवी. तिसरा रिले लावल्यावर उस्ताद सरळ उभे राहिले. मॉडेलची लांबी मात्र 130 सेंमी झाली.

दुसरी चूक : चित्र मध्यभागी उजळ, पण कडेला काळोख. सरांनी किरण काढून दाखवले. प्रतिमेच्या कडेचे किरण बाहेरच्या दिशेला पसरत असतात. पुढच्या भिंगापर्यंत पोचण्याआधीच ते पाइपला धडकतात. उपाय असा की जिथे मधली प्रतिमा तयार होते तिथेच आणखी एक भिंग ठेवायचे. ते प्रतिमा पुढे नेत नाही, फक्त भटकणाऱ्या किरणांना आत वळवते. याला फील्ड भिंग म्हणतात. आम्ही अशी दोन लावली आणि कडा उजळल्या. पण लगेच चित्रात कचरा दिसू लागला. भिंग प्रतिमेच्या जागीच असल्यामुळे त्याच्यावरचा धुळीचा कण चित्राइतकाच स्पष्ट दिसतो.

आता मोजा. टोकाचे 1, रिले 3, फील्ड 2, डोळ्याचे 1, अशी 7 भिंगे. प्रत्येकाचे दोन पृष्ठभाग, म्हणजे 14. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे 96 टक्के पुढे जातो. 0.96 ला स्वतःशी 14 वेळा गुणले तर 0.56 येते. जवळजवळ निम्मा प्रकाश वाटेतच गेला. 40 पृष्ठभाग असतील तर फक्त 20 टक्के उरतो. भिंगांवर परावर्तन रोखणारा पातळ थर दिला आणि नुकसान अर्ध्या टक्क्यावर आणले, तर त्याच 40 पृष्ठभागांतून 82 टक्के पोचतो. चांगल्या नळीची किंमत कुठे जाते, त्याचा हा पहिला हिशेब.

हॉपकिन्स यांची अदलाबदल

1950 च्या दशकात लिव्हरपूलचे सर्जन जेम्स गाऊ यांना मूत्राशयाच्या आतले फोटो हवे होते. जुन्या नळीतून येणारा उजेड फोटोला पुरत नव्हता. ते हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याकडे गेले. हॉपकिन्स यांचा जन्म 1918 चा, लंडनमधल्या गरीब घरातला. पुढे ते रेडिंग विद्यापीठात प्राध्यापक होते आणि झूम भिंगावरचे त्यांचे कामही प्रसिद्ध आहे.

त्यांनी केलेली गोष्ट ऐकायला गमतीची आहे. जुन्या नळीत हवा जास्त होती आणि काच थोडी. त्यांनी अदलाबदल केली : काचेच्या लांब कांड्या, त्यांची टोके वक्र आणि दोन कांड्यांच्या मध्ये हवेची छोटी फट. 1959 मध्ये त्यांनी याचे पेटंट घेतले आणि 1967 पासून जर्मनीच्या कार्ल स्टोर्झ कंपनीने या नळ्या बाजारात आणल्या. आजीच्या वेळची तडकलेली 'काचेची कांडी' ही त्याच घराण्यातली.

काच भरल्याने उजेड कसा वाढतो? बादलीच्या तळाशी पडलेले नाणे वर आल्यासारखे दिसते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, म्हणून 12 सेंमी पाणी डोळ्याला 9 सेंमीच वाटते. आम्ही 12 सेंमीचा रुंद पाइप घेऊन दोन्ही टोकांना सपाट काच चिकटवली, आत पाणी भरले आणि रिले भिंग व पडदा यांच्यामध्ये ठेवला. चित्र धूसर झाले. पडदा मागे सरकवत गेलो, तर जवळपास 3 सेंमीवर ते पुन्हा स्पष्ट झाले. 12 वजा 9 बरोबर 3! गणिताचे उत्तर टेबलावर दिसले तेव्हा आम्ही तिघेही ओरडलो आणि पलीकडच्या खोलीतून सर धावत आले.

काचेचा अपवर्तनांक साधारण 1.5 असतो. म्हणजे 30 सेंमी काच किरणांच्या हिशेबाने 20 सेंमीच आहे. नळी बाहेरून तेवढीच राहिली, पण प्रकाशाला ती आखूड 'वाटते'. आखूड वाटेवर किरणांचा शंकू दीडपट रुंद ठेवता येतो. शंकू उभा आणि आडवा दोन्हीकडे दीडपट झाला, म्हणून उजेड 1.5 × 1.5 = 2.25 पट.

दुसरा फायदा कारागिराच्या बाजूचा आहे. हरभऱ्याच्या डाळीएवढी पातळ भिंगे नळीत उभी राहत नाहीत, कलंडतात. त्यांना जागेवर धरायला आत आणखी बारीक नळ्या घालाव्या लागतात आणि त्या जागा खातात. कांडी मात्र स्वतःच्या लांबीमुळे सरळ बसते. समजा आतली मोकळी रुंदी 2.5 मिमी होती ती 3 मिमी झाली, म्हणजे 1.2 पट. चित्राचे क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाने वाढते आणि प्रत्येक बिंदूतून येणारा शंकूही रुंदीच्या वर्गाने वाढतो. म्हणून 1.2 चा चौथा घात, म्हणजे सुमारे 2.07 पट. दोन्ही फायदे गुणले तर साडेचार पटींहून जास्त उजेड. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण अर्ध्या मिलिमीटरने एवढा फरक पडतो हे लक्षात ठेवा.

प्रकाश नेणे आणि चित्र नेणे

पोटात अंधार असतो. आत उजेड न्यायलाच हवा. निट्झे यांच्या काळात तापलेली प्लॅटिनमची तार नळीच्या टोकाशी ठेवत. आज दिवा बाहेर असतो आणि उजेड काचेच्या केसासारख्या तंतूंमधून, पूर्ण आंतरिक परावर्तनाने आत जातो. या तंतूंच्या इतिहासात आपल्या देशाचे एक नाव आहे : नरिंदरसिंग कपानी. जन्म पंजाबातल्या मोगा इथला, शालेय शिक्षण देहरादूनला, काही काळ भारतीय आयुध निर्माणी सेवेत अधिकारी आणि नंतर लंडनला हॉपकिन्स यांचेच विद्यार्थी. 1954 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दोघांनी तंतूंच्या जुडीतून चित्र नेल्याचा लेख लिहिला. कपानींना 2021 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

तंतूंच्या जुडीतून चित्र न्यायचे असेल तर प्रत्येक तंतूची जागा दोन्ही टोकांना तीच हवी, नाहीतर चित्राचा चुरा होतो. नुसता उजेड न्यायचा असेल तर तंतू आत कसेही मिसळले तरी चालते. आपल्या भाषेत सांगायचे तर चित्र म्हणजे परेडची तुकडी आणि उजेड म्हणजे सुट्टीच्या दिवशी गेटबाहेर पडणारी गर्दी. दोन्ही पोचतात, पण गर्दीला ड्रिलचा खर्च लागत नाही. म्हणून साध्या नळीत चित्रासाठी कांड्या आणि उजेडासाठी कडेने बिनशिस्तीचे स्वस्त तंतू असतात. जिथे शिस्त लागत नाही तिथे तिचा खर्च करायचा नाही, हा स्वस्त रचनेचा पहिला नियम मी इथे शिकलो.

मग स्वस्त कसे करायचे?

हॉपकिन्स यांच्या कांड्या उत्तम असतात, पण बनवायला सोप्या नसतात. रंगांच्या कडा दिसू नयेत म्हणून दोन प्रकारच्या काचा जोडाव्या लागतात. लांब कांडीच्या टोकांना अचूक वक्रता घासावी लागते. सगळ्या कांड्या एका रेषेत आणाव्या लागतात. हे खर्च कमी करण्याच्या चार वाटा मला समजल्या.

पहिली वाट, एकच भाग पुन्हा पुन्हा वापरणे. रिलेचा डावा अर्धा भाग आणि उजवा अर्धा भाग आरशातल्या प्रतिमेसारखे सारखे केले, तर काही दोष आपोआप खोडले जातात : सरळ रेषा वाकडी दिसणे, कडेच्या बिंदूला धूमकेतूसारखी शेपटी येणे, कडेला रंग फुटणे. पहिल्या अर्ध्याने केलेली चूक दुसरा अर्धा उलट दिशेने करतो. म्हणून एकाच मापाच्या भागांची रांग लावता येते आणि कारखान्याला दहा प्रकारचे भाग करावे लागत नाहीत. आमच्या मॉडेलमध्येही रिले आणि फील्ड भिंगे सगळी 10 सेंमीचीच होती. सगळे दोष मात्र असे जात नाहीत. चित्राचा पडदा वाटीसारखा वक्र होणे हा दोष दर टप्प्याला साठत जातो.

दुसरी वाट, कांडीची टोके सपाट ठेवणे. सपाट घासणे वक्र घासण्यापेक्षा खूप सोपे. वक्रतेचे काम वेगळ्या छोट्या भिंगांना द्यायचे आणि ती कांडीच्या टोकाला बसवायची. काच भरण्याचा फायदा कांडीकडून मिळतो आणि वळवण्याचे काम भिंग करते. छोटी भिंगे साच्यात ओतूनही करता येतात.

तिसरी वाट, टप्पे कमी करणे. पाच रिलेंऐवजी तीन ठेवले तर भाग कमी, पृष्ठभाग कमी, साठणारे दोषही कमी. पण प्रत्येक टप्पा 5/3 पट लांब होतो, शंकू त्याच प्रमाणात अरुंद होतो आणि उजेड 3/5 च्या वर्गाएवढा, म्हणजे 36 टक्केच राहतो. गाऊ यांच्या काळातल्या फिल्मला हे परवडले नसते. आजचा कॅमेरा खूप कमी उजेडात काम करतो. म्हणजे कॅमेरा सुधारला, म्हणून नळी सोपी करता येते.

चौथी वाट, रिलेच काढून टाकणे. कॅमेऱ्याची छोटी चिप नळीच्या टोकाशीच बसवायची आणि चित्र तारेतून बाहेर आणायचे. मग काचेची कांडीच नाही, तर तडकणार काय? अशी साधने आज वापरात आहेत. पण चिपला वाफेची उष्णता सोसली पाहिजे, आणि एकदा वापरून फेकायचे साधन असेल तर कचरा आणि दर वेळचा खर्च आलाच. बाहेरचा कॅमेरा बिघडला तर नुसता तो बदलता येतो. आतली चिप गेली तर पूर्ण नळी जाते.

काय काढायचे नाही

हे सगळे वहीत लिहून मी खूश होतो. सरांनी वही वाचली आणि एकच प्रश्न विचारला : "डॉक्टरला काय लागतं, ते लिहिलं आहेस का?" नव्हते लिहिले. मग आजीच्या डॉक्टरांना रविवारी फोन केला. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या.

एक, लाल रंगाच्या छटा खऱ्या दिसल्या पाहिजेत. रक्त, पित्ताची नळी, चरबी आणि सुजलेला भाग यांतला फरक रंगावरूनच कळतो. दोन, चित्राच्या कडेलाही हत्यार स्पष्ट दिसले पाहिजे, कारण इजा बहुधा जिथे नजर नाही तिथे होते. तीन, नळी दर ऑपरेशननंतर निर्जंतुक झालीच पाहिजे. 134 अंश सेल्सिअसच्या वाफेत अनेकदा घालूनही तिचा जोड सुटता कामा नये. आत ओल शिरली की धुके आलेच. "या तीन गोष्टी सोडून बाकी काहीही स्वस्त कर," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आले की मी प्रश्न उलटा धरला होता. 'काय काढता येईल?' असे मी विचारत होतो. आधी विचारायचे ते 'काय ठेवलेच पाहिजे?' हॉपकिन्स यांनीही गाऊ यांना काय हवे ते आधी ऐकले आणि मग नळीत उलट जास्तच काच भरली. सोपी रचना म्हणजे कमी भाग असेलच असे नाही. प्रत्येक भाग कशासाठी आहे हे माहीत असणे, म्हणजे सोपी रचना.

आणखी एक गोष्ट. आपल्या कोणत्याही कॅम्पला निघताना क्वार्टरमास्टर दोर, टॉर्च, फर्स्ट-एड बॉक्स दोन-दोन घेतात. कोणी त्यांना उधळे म्हणत नाही. आजीच्या ऑपरेशनला जगातली सर्वोत्तम नळी हवी होती असे नाही. तिथे एक चांगली नळी होती आणि ती तडकली होती. कपाटात दुसरी, थोडी कमी उजळ पण त्या तीन अटी पाळणारी नळी असती, तर आजी तिसऱ्या दिवशी घरी आली असती. स्वस्त रचनेचा खरा उपयोग मला इथे दिसतो. ती उत्तम नळीची जागा घेणार नाही, पण दुसरी नळी ठेवणे परवडेल.

आमचे 130 सेंमीचे मॉडेल शाळेच्या प्रदर्शनात मांडले होते. त्यातून कडा अजून रंगीत दिसतात आणि फील्ड भिंगावरची धूळ काही केल्या जात नाही. आजीला फोनवर सगळे सांगितले. ती म्हणाली, "एवढी लांब नळी? ती पोटात कशी घालायची रे?" आता पुढच्या सत्रात ती आखूड करायची आहे.

करून पाहा

1. वर्तमानपत्राची गुंडाळी 60 सेंमी लांब आणि 1 सेंमी रुंद केली, तर 3 मीटरवरच्या भिंतीवर केवढे वर्तुळ दिसेल? आधी गणित करा, मग मोजा. गुंडाळीतून किंवा भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका.

2. 12 सेंमी पाण्याऐवजी 12 सेंमी काच (अपवर्तनांक 1.5) ठेवली, तर पडदा किती सेंमी मागे न्यावा लागेल?

3. सात रिलेंऐवजी पाच ठेवले, तर उजेड किती टक्के उरेल? पृष्ठभागांवरचे नुकसान सोडून द्या.

4. आपल्या फील्डक्राफ्टच्या दुर्बिणीत रिले भिंगे नसतात, तरी चित्र सरळ दिसते. ते कशामुळे? हे उस्तादांना विचारू नका, दुर्बीण हातात घेऊन तिचा आकार नीट पाहा.

उत्तरे काढलीत की रविवारी प्रयोगशाळेत या. मॉडेलही पाहता येईल, आणि धूळ काढायला एक हात मिळाला तर आम्हाला हवाच आहे.